रोटीवरची शपथ

तेजेन, ४ मार्च

मायसा, बाळा,

तू बरी आहेस असे धरून लिहितो, कारण तसे धरले नाही तर पुढचे लिहायला हात चालणार नाही. आम्ही सगळे ठीक आहोत. तुझा भाऊ चारी रोज शाळेत शिकवायला जातो, वहिनीची कंबर थोडी धरते, आणि तुझ्या सेल्बीचा खालचा एक दात हलतो आहे. ती तो जिभेने सारखा ढकलत बसते. मी म्हणतो ढकलू नकोस, वाकडा येईल. ती ऐकत नाही. तुझ्यावर गेली आहे.

बाबा कागदावर का लिहायला लागले, असे तुला वाटेल. लाइन खराब आहे. गल्लीच्या तोंडाशी खणून ठेवले आहे, तार कुठेतरी तुटली असणार. त्या दिवशी आपले बोलणे मध्येच बंद पडले तेही त्यामुळेच. तू सेल्बीला काहीतरी सांगत होतीस आणि पडदा काळा झाला. मी काही केले नाही. तुझ्या मनात आले असेल म्हणून लिहितो.

साध्या फोनवर बोला म्हणशील. साधा फोन लागतो, पण तो लावला की मध्येच कोणीतरी खोकते. तू खोकत नाहीस, मीही खोकत नाही. शिवाय सेल्बी नुसत्या आवाजाशी बोलत नाही. मागे एकदा तिच्या कानाला फोन लावला तर म्हणाली, "ही आई नाही, ही बाई आहे."

हे पत्र सोनाबिके आणते आहे. तुमच्या इस्तंबूलहून कपड्यांच्या गाठी आणून इथल्या बाजारात विकते, ती. मी चार पाने लिहीन म्हटल्यावर म्हणाली, "आमान आगा, विमानात माझ्या पिशव्यांचे वजन करतात. जरा हलके हलके लिहा." तिला म्हटले, जड काही लिहिण्यासारखे नाहीच.

शेजारच्या गार्लीच्या घराला कुलूप आहे. त्याच्याबद्दल कोणालाही काही विचारू नकोस. तुमच्या तिथल्या आपल्या लोकांतही नको.

टेलिफोनच्या ऑफिसात जाऊन एक काम उरकून आलो. सगळ्यांनाच करावे लागते आहे, त्यात विशेष काही नाही.

तू ज्या म्हातारीची सेवा करतेस ती तुला वेळेवर जेवू देते ना? तिच्या औषधांच्या वेळा सांभाळताना तुझे जेवण राहत असेल. खिडकी उघडी टाकून झोपू नकोस.

तुझा बाबा

तेजेन, २ एप्रिल

मायसा,

सेल्बीचा कोट मिळाला. बाही लांब आहे, वाढेल त्यात. कोटाच्या खिशातली तुझी चिठ्ठीही मिळाली. सोनाबिकेने ती माझ्या हातात देताना माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही, म्हणजे तिने वाचली असावी.

तू लिहितेस, "बाबा, वहिनीच्या बहिणीच्या घरी नेट चालू आहे. तीही त्याच गल्लीत राहते. मग तुमचीच तार कशी तुटली? तुम्ही माझ्या तोंडावर फोन बंद केलात, आणि वर खोटे लिहिता. मला माझी मुलगी दाखवायची नसेल तर तसे सांगा."

तार तुटलेली नाही. मीच बंद केला.

तुझे बोलणे चालू असताना फाटक वाजले. मला वाटले ते आले. हात आपोआप गेला, फोन बंद केला आणि पिठाच्या डब्यात खुपसला. फाटकाशी गॅसची नळी तपासणारा होता. त्याला मी चहा दिला, तर तो म्हणाला, "आगा, तुमचे हात पांढरे का?" मी म्हटले, सून आजारी आहे, कणीक मी मळतो. आता तो गल्लीभर सांगत असेल की आमानदुर्दी कणीक मळतो.

तू रागावली आहेस म्हणून सगळे नीट लिहितो. वाचून झाले की जाळ.

नेट घरी आहे. पण ते कसे आहे ते तुला तिथे बसून विसरायला झाले असेल. सरकारी बातम्या, हवामान, लग्नाच्या हॉलची चित्रे, हे सगळे पाण्यासारखे वाहते. बाहेरचे काही उघडायला गेले की चाक फिरत राहते. मी आयुष्यभर कालव्यावर दार वर-खाली करण्याचे काम केले. दार उघडले की पाणी जायचे, पाडले की थांबायचे. पाणी कोणत्या डोंगरातून आले ते दार विचारत नसे. इथले दार प्रत्येक थेंबाला विचारते, तू कुठला, आणि कोणाकडे निघालास.

म्हणून तर गार्लीकडून ती किल्ली घेतली होती. फोनमध्ये घातली की बंद असलेले उघडते आणि तुझा चेहरा दिसतो. सगळी गल्ली घेत होती. मग एका सकाळी गार्लीला घेऊन गेले, आणि आठवड्याभरात आम्हा सगळ्यांना ऑफिसात बोलावणे आले.

टेबलापलीकडे कोण होता सांगू? बेगली. आपल्या कोपऱ्यावरच्या अकगोझेलचा मुलगा, जो लहानपणी आपल्या तुतीवरून पडला होता. आता टाय लावतो. टेबलावर रुमाल अंथरलेला आणि रुमालावर रोटी. शपथेची. मी म्हटले, "बेगली, अरे ही कधीची आहे? कडा फुटल्यात."

"आगा, खायची नाहीये. हात ठेवायचा आहे."

माझ्यामागे रांगेत असलेला एक जण हळूच म्हणाला, "दुकानातली रोटी आहे. तिच्यावरची शपथ दुकानदाराला लागते." दोघे-तिघे हसले. मला हसू आले नाही. रोटी ती रोटी, कोणाच्याही तंदुरात भाजलेली असो.

मी बेगलीला विचारले, "माझी मुलगी बाहेर आहे. तिच्याशी कसे बोलायचे?"

"आपले स्वतःचे ॲप आहे ना. फुकट आहे, कधी अडकत नाही. त्यावर बोला."

"त्यावर ती नाही. ते बाहेर चालत नाही."

"मग तिला म्हणा, आत ये."

"ती आली तर परत जाऊ द्याल?"

बेगलीने पेनाचे टोपण लावले, काढले. "आगा, ते माझ्या खात्यात येत नाही. माझ्याकडे फक्त नेट आहे. घरचे सोडायचे, बाहेरचे थांबवायचे. हात ठेवा, रांग मोठी आहे."

मी हात ठेवला. मी घरातला मोठा, म्हणून सगळ्या घराच्या वतीने. माझ्या घरात कोणी किल्ली वापरणार नाही, वापरली तर ही रोटी आम्हाला मारो. तुला माहीत आहे रोटी कोणाला मारते. घरात जो सगळ्यात लहान असतो त्याला.

घरी येऊन किल्ली काढून टाकली. आता तूच सांग, मी काय करायला हवे होते? चारी सरकारी शाळेत आहे. हेडमास्तरांनी त्याला विचारले, "तुझी बहीण फोन करते का?" एवढेच विचारले. चारी घरी येऊन जेवला नाही.

सेल्बीला सांगितले आहे की आईचा फोन दुरुस्तीला दिलाय.

बाबा

तेजेन, २४ एप्रिल

मायसा,

तुझी चिठ्ठी आली. एकच ओळ. "तुम्हाला चारीची नोकरी दिसते, माझी मुलगी दिसत नाही." खाली नावही नाही. ती मी वाचली, घडी घातली, परत वाचली. रागाने का होईना, तुझा हात कागदाला लागला आहे हे बरे वाटले.

दिसते, बाळा. तुझी मुलगी सबंध दिवस माझ्यासमोरच असते. म्हणून जे दिसते ते लिहितो. लिहू नये असे वहिनीचे म्हणणे आहे.

सेल्बी अंगणातल्या चौथऱ्यावर खेळते. एक फरशीचा तुकडा हातात धरते, तो तिचा फोन. आधी ती त्यात दोघींचे बोलायची. "आई, तू काय करतेस?" मग आवाज बदलून, "मी आजीबाईंना सूप देते आहे. तू जेवलीस?" मी ऐकत बसायचो. तुझ्यासारखाच सूर लावते. मग मला उठून आत जावे लागायचे.

हल्ली आईचे बोलणे कमी झाले आहे. परवा तिने फरशी समोर धरली आणि विचारले, "आई, तू काय करतेस?" मग तोंड अर्धे उघडे, एक डोळा अर्धा मिटलेला, हात हवेत, अशी गप्प बसून राहिली. पापणी हलवली नाही. मला वाटले झटका आला की काय. धावत गेलो, खांदे हलवले, "सेल्बी, सेल्बी, काय होतंय?"

तिने माझ्याकडे वैतागून बघितले. "आजोबा, तुम्ही खेळ मोडलात. मी आई झाले होते."

"आई अशी असते?"

"हो. बोलता बोलता अशी होते. मग नसते."

तिला तू हलत असलेली फारशी आठवत नाही, मायसा. तिला अडकलेली तू आठवतेस. ती तीन वर्षांची असताना तू गेलीस आणि तेव्हापासून पडद्यावर जेवढे दार उघडे होते तेवढीच आई तिला मिळाली. काल वहिनीला तिने एकदा आई म्हटले. वहिनीने लगेच दुरुस्त केले. मी तिथून उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेलो, जरी ते सकाळीच टाकले होते.

गार्ली परत आला. डोके भादरलेले, कोट अंगावर टांगल्यासारखा. आपल्या फाटकाशी उभा राहिला. मी त्याला आत घेतले, पण फाटक उघडे ठेवले, म्हणजे बाहेरून कोणी बघितले तर लपवाछपवी वाटू नये. त्याला ते कळले.

"आमान आगा, तुम्ही माझ्याशी बोलताय आणि रस्त्याकडे बघताय."

"ऊन डोळ्यांवर येते."

"ऊन मागून आहे." मग चहाचा घोट घेऊन म्हणाला, "भिऊ नका. तुमचे नाव घेतले नाही. कोणाचेच नाही. म्हटले, किल्ली माझ्यासाठीच होती, नाचणाऱ्या बायका बघायला. त्यांना पटले. आता घरी बायकोलाही पटले आहे, ती तीन दिवस माझ्याशी बोलत नाहीये."

मी त्याला आणखी चहा ओतला. माफी मागायला हवी होती, ती जिभेवर आली नाही. रोटी मात्र त्याच्यासमोर मोडून ठेवली. त्याने एक तुकडा घेतला.

"मायसा कशी आहे?" त्याने विचारले.

"बरी आहे," मी म्हटले. मला काय माहीत.

बाबा

तेजेन, १३ मे

मायसा, बाळा,

हे वाचताना घाबरू नकोस. आता ती बरी आहे. आधी हे लिहिले, म्हणजे पुढचे शांतपणे वाचशील.

सेल्बीला ताप आला होता. घसा सुजला होता. डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेला, तरी दोन दिवस ताप उतरला नाही. चारी शाळेतून रजा घेऊन बसला. मी तिच्या उशाशी होतो. तापात ती तुला हाक मारत होती. वहिनीने ओल्या फडक्याने तिचे तोंड पुसले तर म्हणाली, "तू नको, ती हलणारी हवी."

मी कुठल्या विचारात बसलो होतो ते तुला सांगतो. शपथ मी पाळली होती. फोनमध्ये किल्ली नव्हती, तुझा चेहरा आम्ही बघितला नव्हता, मी तुझे शिव्याशाप घेतले, गार्लीसमोर रस्त्याकडे बघितले, सगळे केले. आणि रोटीने मारायचे तिलाच मारले. मग मी कोणाला वाचवत होतो?

ताप उतरल्यावर मी अकगोझेलकडे गेलो. बेगलीच्या आईकडे. तुला हे वेडेपणाचे वाटेल, पण गल्लीत जुन्या चालीरीती तिच्याइतक्या कोणाला येत नाहीत. ती उंबऱ्यावर बसून वाटाणे सोलत होती. मी विचारले, "वहिनी, रोटीवरची शपथ सुटते का?"

तिने मान वर केली नाही. "कोणी घेतलीय?"

"असाच विचारतो."

"असाच कोणी माझ्या दारात येत नाही, आमानदुर्दी. मुलगा ऑफिसला लागल्यापासून माझ्याकडे मीठ मागायलाही कोणी येत नाही." दोन शेंगा सोलून झाल्या. "सुटते. घरच्या तंदुरात रोट्या भाजायच्या, गल्लीतल्या प्रत्येक घरी न्यायच्या, एकही घर गाळायचे नाही. आणि ज्याच्यासमोर शपथ घेतली त्याने तुझी रोटी खाऊन 'कबूल होवो' म्हणायचे. त्याने म्हटले की सुटली."

"त्याला कळायला हवे का, कशासाठी ते?"

तेव्हा तिने माझ्याकडे बघितले. "रोटीला कळले म्हणजे झाले. गुरुवारी तो दुपारी घरी जेवतो."

गुरुवारी तुझ्या वहिनीने पहाटे कणीक भिजवली. कंबर धरलेली असताना तिने तंदूर पेटवला. चारीने सगळे बघितले आणि विचारले, "हे सेल्बी बरी झाली म्हणून?" मी म्हटले, हो. ते खोटे नव्हते. त्याने शाळेची पिशवी खाली ठेवली, बाह्या वर केल्या आणि रोट्या फडक्यात बांधायला लागला. जाताना म्हणाला, "बाबा, माझ्या नोकरीचा विचार माझ्यावर सोडा." म्हणजे त्याला सगळे माहीत होते.

मी घरोघर गेलो. प्रत्येकाने कबूल होवो म्हटले. गार्लीच्या बायकोने रोटी घेतली आणि म्हणाली, "त्या नाचणाऱ्या बायकांना पण द्या." गार्ली आतून म्हणाला, "ऐकलेत? आत होतो तेव्हा बरा होतो." मला वाटले ह्या दोघांचे आता बोलणे सुरू झाले आहे.

शेवटी कोपऱ्यावरचे घर. बेगली टाय सैल करून जेवायला बसला होता. मी रोटी पुढे केली. त्याने दोन्ही हातांनी घेतली, जशी घ्यावी तशी. तुकडा मोडला, खाल्ला.

"कशाबद्दल, आगा?"

"नातीचा ताप उतरला."

त्याने माझ्याकडे बघितले, मग आईकडे. अकगोझेल ताटात काहीतरी वाढत होती, पाठ करून. बेगलीने दुसरा तुकडा मोडला, सावकाश चावला.

"कबूल होवो," तो म्हणाला.

मी उठलो. तो फाटकापर्यंत सोडायला आला. तिथे, बुटाचे बंद बांधायला वाकल्यासारखे करून, म्हणाला, "आगा, सोमवारी ऑफिसात नवीन यंत्र बसते आहे. मग किल्ली असो नसो, बाहेरचे काही उघडणार नाही. कोणाचेच."

"मला का सांगतोस?"

"सगळ्यांना सांगतोय," तो म्हणाला. मी घरी येऊन गल्लीत विचारले. त्याने कोणालाही सांगितले नव्हते.

आता मला कळत नाही, मायसा. त्याने दया केली, की सोमवारपर्यंत कोण कोण दार ढकलते ते बघायला जाळे लावले आहे? संध्याकाळपासून मी हे उलटसुलट करतो आहे. आईच्या डोळ्यासमोर रोटी खाऊन माणूस असे करील का? करीलही. त्याच्या वर आणखी कोणी असेल, त्याच्या पोटाचा प्रश्न असेल. तुतीवरून पडलेले पोर मी उचलून घरी नेले होते, ते त्याला आठवत असेल की नसेल.

गार्लीने एक शेवटची किल्ली दिली आहे. काही घेतले नाही. फोन पिठातून काढला, पुसला, चार्ज करून ठेवला. सोनाबिके उद्या विमानाने तिकडे येते आहे. तिला म्हटले, हे वाटेत कुठे थांबू देऊ नकोस. ती म्हणाली, "आगा, या वेळी जड लिहिलेत ना?" आणि पत्र पिशवीत न ठेवता अंगाशी ठेवते म्हणाली.

रविवारी दुपारी, तुझी म्हातारी जेवून झोपते तेव्हा, मी लावणार आहे. खोलीत कोंडून घेणार नाही. अंगणातल्या चौथऱ्यावर बसू, तिथे लाइन बरी लागते. तुझ्या पासपोर्टची मुदत संपली आहे, आणि तुझे नाव कोणी टिपून ठेवले तर तिथल्या आपल्या देशाच्या कचेरीत तो नवा करताना तुझे काय होईल ते मी विचार करून बघितले आहे. तुला नको वाटले तर उचलू नकोस. मी राग धरणार नाही. भीती कशी असते ते मला कोणी शिकवायला नको.

पण उचललेस तर हे लक्षात ठेव. सेल्बी सुरुवातीला बोलणार नाही. माझ्यामागे लपेल. तिला रडून दाखवू नकोस. हात हलव, मान हलव, उठून खोलीत चाल, पाणी पी, केस सोडून परत बांध. जे रोज करतेस ते कर आणि तिला बघू दे. सोमवारनंतर किती वर्षे तिला त्यावर काढायची आहेत कोण जाणे. तिला मी सांगितलेले नाही. तूही सांगू नकोस.

बोलणे संपले असे तुला वाटले तरी फोन ठेवू नकोस. मीही ठेवणार नाही. फाटकाशी कोणी आले तर येऊ दे, चारी बघेल. बंद करायचे काम त्यांचे आहे, ते त्यांनाच करू दे.

तुझा बाबा